देवाकडं तीस-चाळीसची साइट मागावी काय?

मलप्रभा_काठ

जय ख्रिस्त आणि नमस्कार सगळ्यांना.

धागा काढू की नको, असं आठ दिवस चाललंय. शेवटी काढूले. हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

गेल्या शुक्रवारी आमच्याकडं घरप्रार्थना होती. आम्ही बेळगावात, अनगोळात भाड्यानं राहतो. पुढची खोली दहा बाय दहाची आणि माणसं सोळा. खुर्च्या शेजारच्या काकूंच्या. दोन गीतं झाली आणि पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "कोणाची काही विनंती?" एकीनं पोराची दहावी सांगितली, एकानं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, एका काकांनी दर वेळेप्रमाणं देशासाठी आणि पुढाऱ्यांसाठी. माझी पाळी आली. माझ्या मनात सहा वर्षं एकच गोष्ट आहे, एक तीस-चाळीसची साइट. पिरनवाडीकडं, मच्छेकडं, कणबर्गीकडं, कुठंही. (बाहेरगावच्यांसाठी: साइट म्हणजे घर बांधायचा प्लॉट, तीस फूट बाय चाळीस. आमच्याकडं सोयरिकीच्या बोलण्यात पगाराआधी साइट विचारतात.) आणि माझ्या तोंडातून आलं काय? "सगळ्यांना शांती मिळो, एवढीच विनंती."

लाज वाटली. सोळा माणसांपुढं देवाकडं जागा मागायची म्हणजे लोक म्हणणार, हिचं लक्ष वर नाही, जमिनीवर आहे.

त्यात त्या दिवशी हुबळीहून एक बंधू आले होते. त्यांनी वचन घेतलं बायबलातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकातलं, याबेसची प्रार्थना. देवा, मला खरोखर आशीर्वाद दे आणि माझी सीमा वाढव. बंधू रंगात आले. "म्हणा माझ्याबरोबर, प्रभू, माझी सीमा वाढव!" सगळे म्हणाले. आमचे सासरे, आबा, भिंतीला टेकून बसले होते. ते हळूच म्हणाले, "आम्ही १९५६ पासून तेच मागूलाव की." निम्मी खोली हसली. हुबळीच्या बंधूंना काही कळलं नाही, त्यांनी हालेलुया म्हटलं.

हसू ओसरलं, प्रश्न राहिला. माझी आजी खानापूर तालुक्यातली. ती देवाशी शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. "बापा, म्हैस औंदा गाभण राहू दे, मागल्या साली फसवलंस." रोप लावणीला पाऊस मागायची, आणि मळणीला तोच पाऊस थांबव म्हणायची. तिला कधी लाज वाटली नाही. मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले, आणि मला लाज वाटते.

आता सांगा. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो, तुम्ही मागायच्या आधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आणि सातव्यात म्हणतो, मागा म्हणजे तुम्हांस दिले जाईल. ठाऊकच आहे तर मागायचं कशाला? आणि मागायचंच तर साइट मागावी काय?

कँपातला_पोरगा

आबांना सलाम. पुढच्या घरप्रार्थनेला मला बोलवा, मी आबांच्या शेजारी बसतो.

प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही. पण आशीर्वाद म्हटलं की मला लहानपणीचं चर्च आठवतं. दीड तास कळ काढल्यावर पाळक दोन्ही हात वर करायचे, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो", आणि आम्ही पोरं तेवढ्यात चपला शोधायला लागायचो. म्हणजे आमच्यासाठी आशीर्वाद याचा अर्थ 'सुटी झाली'.

सीमावासी_६९

मलप्रभाताई, बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह…

संपादक

सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, तिकडं जावं. इथं याबेसच्या सीमेपुरतंच बोलूया.

पाळकाचा_मुलगा

थोडं लांब लिहितो.

याबेस हा माणूस मला आवडतो, कारण तो जिथं भेटतो ती जागाच मजेची आहे. पहिल्या इतिहासाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसती नावं. अमक्याला अमका झाला, तमक्याला तमका. लहानपणी वडील वाचायला लावायचे तेव्हा वाटायचं तलाठ्याचं दप्तर वाचतोय. चौथ्या अध्यायात दोन ओळींपुरता हा माणूस उभा राहतो, प्रार्थना करतो, देव त्याचं मागणं देतो, आणि पुन्हा नावं सुरू. त्याचं नावच क्लेशावरून ठेवलेलं. आई म्हणते, याला मी दुःखानं जन्म दिला. म्हणजे जन्मभर कुणी हाक मारली की कानावर दुःखच पडायचं. तो शेवटी मागतो तेही हेच, की मला क्लेश होऊ नये. हुबळीचे बंधू 'सीमा वाढव' वर थांबले असतील, पण प्रार्थना तिथं संपत नाही. पुढं 'तुझा हात माझ्याबरोबर असू दे' आहे, 'अरिष्टापासून राख' आहे.

आणि हो, सीमा म्हणजे खरोखर सीमाच. मूळ इब्रीत 'गबूल' हा शब्द आहे, बांध, हद्द. शेताचा बांध सरकवू नका असा नियम बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे तिथंही तोच शब्द. तेव्हा ताई, तुमची तीस-चाळीसची साइट याबेसच्या मागण्याच्या फार जवळ आहे. उगाच आध्यात्मिक अर्थ काढून तिला स्वर्गात नेऊ नका.

लाजेचं म्हणाल तर मार्कच्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय बघा. आंधळा, यरीहोच्या रस्त्याकडेला भीक मागत बसलेला. लोक त्याला गप्प बस म्हणतात. येशू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आता आंधळ्याला काय हवं हे विचारायला पाहिजे होतं काय? पण विचारलं. त्याच्याच तोंडून निघावं म्हणून विचारलं. तो "सगळ्यांना शांती मिळो" म्हणाला असता तर? तो म्हणाला, मला दिसू दे.

मागायच्या आधी ठाऊक आहे, हे वाक्य मागू नका म्हणून नाही आलेलं. त्याच्या लगेच आधी वायफळ बडबड करू नका असं आहे. पुष्कळ बोललं की देव ऐकेल, असं समजणाऱ्यांसाठी आहे ते. आणि लगेच पुढं येशू जी प्रार्थना शिकवतो ती मागण्यांनीच भरलेली आहे.

विजयी_कुटुंब

प्रेज द लॉर्ड. पाळकाचा_मुलगा यांनी ज्ञान चांगलं दिलं, पण विश्वास कमी दिसला. मार्क ११:२४ वाचा. मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे मिळेल. ताई, तुम्ही मागताय तिथंच चुकताय. राजाची लेक भीक मागत नाही, हक्क सांगते. जी साइट आवडेल तिच्याभोवती सात फेऱ्या मारा आणि प्रभूच्या नावानं ताबा घ्या. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्या, मलाखी ३:१० प्रमाणं आकाशकपाटं उघडतील. आमच्या कुटुंबात साक्ष आहे, भाड्याच्या घरातून स्वतःच्या दोन मजली घरात आलो.

कँपातला_पोरगा

सात फेऱ्या मारताना साइटचा मालक बघत असेल तर भाव वाढवणार हो.

निपाणीची_सून

विजयी_कुटुंब, तुमच्या घराचा आनंद आहे. आता आमची साक्ष ऐका.

माझी आई बिड्या वळायची. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, पानं कापून ओली करून ठेवलेली, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला दिसायचीच नाहीत. हजार बिड्या झाल्या की मजुरी. वडिलांना कॅन्सर झाला. एका सभेत, कोणाच्या ते सांगत नाही, एकानं सांगितलं, विश्वासाचं बीज पेरा, मोठं पेराल तर मोठं उगवेल. आईनं लग्नातल्या पाटल्या मोडल्या आणि दिल्या. चार महिन्यांनी वडील गेले. त्यानंतर आम्ही विचारलं तर उत्तर आलं, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला.

कोणाचा? आईचा? हजार बिड्यांमागं हजार वेळा 'प्रभू' म्हणणाऱ्या बाईचा?

मी पाच वर्षं देवाशी बोलले नाही. नंतर एका म्हाताऱ्या पाळकांनी मला दुसऱ्या करिंथचा बारावा अध्याय काढून दिला. पौलाच्या शरीरात काटा होता, त्यानं तीनदा विनवलं, आणि काटा गेला नाही. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? आणि पकडला जायच्या आधी गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूनं मागितलं, हा दुःखाचा प्याला टळो. टळला नाही. पाळकांनी एवढंच दाखवलं, उपदेश केला नाही. चहा केला त्यांनी.

मलप्रभाताई, साइट मागा, जरूर मागा. पण हक्क सांगू नका, आणि नाही मिळाली तर घरातल्या कोणाच्या विश्वासाचं माप काढायला कुणाला उंबरा ओलांडू देऊ नका.

विजयी_कुटुंब

ताई, तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. त्या माणसानं चुकीचं केलं. मी तसं म्हणत नव्हतो. पण दशांशाचं वचन खोटं आहे काय?

पाळकाचा_मुलगा

खोटं नाही, पण अर्धं वाचलं जातं. मलाखी म्हणतो, दशांश भांडारात आणा म्हणजे माझ्या मंदिरात अन्न राहील. अन्न! अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश कोणासाठी ते लिहिलंय: लेवी (देवसेवा करणारे), परदेशी, अनाथ, विधवा. त्यांनी खावं आणि तृप्त व्हावं म्हणून. निपाणीच्या ताईंच्या आईसारखीला त्या भांडारातून मिळायला हवं होतं, तिच्या पाटल्या तिकडं जायला नको होत्या.

कुंदा_आणि_मांडे

मी ख्रिस्ती नाही, वाचतोय फक्त. एक विचारू? आमच्यात नवस असतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला बोलतात, गावच्या मरगूबाईला बोलतात. काम झालं की फेडायचा. तुमच्यात प्रार्थना आणि नवस यात फरक काय? बाहेरून सारखंच दिसतं.

पाळकाचा_मुलगा

चांगलं विचारलंत. आतूनही पुष्कळदा सारखंच असतं, खोटं कशाला बोलू.

वडील बैलहोंगलच्या बाजूला एका खेड्यात पाळक होते. चर्च म्हणजे मंगलोरी कौलांची एक लांब खोली. तिथं चार पंखे होते आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल रंगात दात्याचं नाव. चिरंजीव पास झाल्याबद्दल अमक्याकडून. कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ तमक्याकडून. गंमत अशी की पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही. लाइट गेली की उपदेश चालू असताना सगळी मंडळी मान वर करून दात्यांची नावं वाचत बसायची.

एकदा एक काका पाचवा पंखा घेऊन आले, पोरगा दहावी सुटला म्हणून. वडिलांनी पंखा घेतला, चहा दिला आणि विचारलं, "काका, नापास झाला असता तर पंखा आणला असता काय?" काका बघतच राहिले. मग म्हणाले, "पाळकसाहेब, नापास झाला असता तर पोरगाच आणून दिला असता, झाडलोट करायला."

मला वाटतं फरक तिथंच आहे. नवसात आधी सौदा ठरतो, मग देणं. तुझं काम झालं, माझं देणं फिटलं, हिशेब बंद. प्रार्थनेत हिशेब बंद होत नाही. पण आम्ही ख्रिस्ती लोकही प्रार्थनेचा नवस करतो, आणि मी तर म्हणेन तुमच्यातले कितीतरी लोक नवसाची प्रार्थना करत असतील. तुकोबा मागतात ते दान बघा, विसर पडू नये एवढंच. ना. वा. टिळक म्हणायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, ते उगाच नाही.

खानापूर_रोड

कॅथलिक बाजूनं थोडं. आमच्यावर नवसाचा आरोप जास्त होतो, मेणबत्त्या आणि नोव्हेना यामुळं. आणि असतंही. माझी मावशी वेळांकणीला जाऊन आली की पंधरा दिवस हिशेब सांगते, कोणासाठी कुठली मेणबत्ती. पण नोव्हेनाची नऊ दिवसांची कल्पना मुळात कुठली? येशू स्वर्गात गेला आणि शिष्य वरच्या माडीवर पवित्र आत्म्याची वाट बघत प्रार्थनेत राहिले, ते दिवस. तिथं कोणी सौदा करत नव्हतं, वाट बघत होते. नवव्या दिवशी मिळालंच पाहिजे असं आम्ही मागून जोडलं.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आमच्या घरी कोकणी, शाळा कानडी, बाजार मराठी. प्रभूची प्रार्थना तिन्ही भाषांत येते. कानडीत म्हणतो 'अनुदिनद आहार', रोजचा आहार. कोकणीत 'गिरास', म्हणजे घास. आणि मराठीत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'. आहार म्हटलं की मला सरकारी योजना आठवते. घास म्हटलं की कोणीतरी भरवतंय असं वाटतं. पण भाकर म्हटली की थेट आईचा तवा. जोंधळ्याचं पीठ, गरम पाणी, परातीत थापायचा आवाज. पाणी फिरवलेली बाजू आधी वाळली तर भाकर चिरते. देवाकडं मागायचं ते इतकं नेमकं, हे मला मराठीनं शिकवलं.

पाळकाचा_मुलगा

वा. यात एक भर. जिथं आपण 'रोजची' म्हणतो तिथं ग्रीक मजकुरात 'एपिऊसिओस' असा शब्द आहे आणि तो इतका दुर्मिळ आहे की अभ्यासक अजून भांडतात. कोणी म्हणतं आजपुरती, कोणी म्हणतं उद्याची, कोणी म्हणतं जगायला लागेल तेवढी. माझे वडील म्हणायचे, तिन्ही धरा, पण वर्षाची साठवण असा अर्थ कोणीच काढलेला नाही.

मलप्रभा_काठ

मग माझी साइट गेली की, सर! ती तर पन्नास वर्षांची साठवण झाली.

पाळकाचा_मुलगा

नाही हो. डोक्यावर छप्पर हे जगायला लागतंच. दुसरी साइट मागायला लागलात की हा धागा परत वर काढा.

निपाणीची_सून

आणि मागून बसून राहू नका. पंडिता रमाबाईंचं आमच्याकडं फार सांगतात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य हिंदुस्थानातून शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्या सगळ्यांची भाकर देवाकडं मागायच्या, पण विहिरीही खणून घेतल्या. बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या शेवटपर्यंत. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ ला ते छापून निघालं. माझ्या आईकडं त्याची एक जीर्ण प्रत होती. पाटल्या गेल्या, ती राहिली.

कुंदा_आणि_मांडे

विहिरीवरून आठवलं, ताईंनी बजेट सांगितलं नाही.

मलप्रभा_काठ

बजेट काढलं तर धागा बंद पडेल.

काल शुक्रवार होता. घरप्रार्थना शहापुरात एका काकूंकडं होती. विनंती विचारली तेव्हा माझं काळीज इतकं धडधडत होतं की बँकेच्या मुलाखतीला नव्हतं. म्हणाले, "आम्हाला एक साइट पाहिजे. तीस-चाळीसची. वीस-तीसची असली तरी चालेल." आमचे हे माझ्याकडं बघत बसले. त्यांना घरात इतकी वर्षं ऐकून माहीत होतं, पण चारचौघांत ऐकणं वेगळं. पाळकसाहेब हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला?" मी मच्छे म्हणाले. त्यांनी तेही लिहिलं, आणि प्रार्थनेत खरंच म्हणाले, "मच्छे बाजूला."

आबांचा आमेन सगळ्यात मोठा.

चपला घालताना यजमान काकूंनी माझा हात धरला. त्या चाळीस वर्षं भाड्याच्या घरात आहेत. म्हणाल्या, "मी तर कधी तोंड उघडून मागितलंच नाही ग. वाटायचं, एवढं मोठं कसं मागायचं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझं पण घे तुझ्या मागण्यात." मी म्हटलं, काकू, तुमचं तुम्ही मागा, मी आमेन म्हणते. पुढच्या शुक्रवारी मागणार म्हणाल्या. बघू.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, मच्छेच का म्हणालीस, तिकडचा भाव माहीत आहे काय.

कँपातला_पोरगा

ताई, मच्छेकडं बघणार असाल तर आधी शेजाऱ्यांच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलंय ते विचारून या. आणि ई-खाता (जागेचा सरकारी ऑनलाइन उतारा) असल्याशिवाय इसार देऊ नका. आबांना पण घेऊन जा, हद्दीचे दगड त्यांना बरोबर कळतील.